प्लग बदलले तरी मिसिंग परत येतं? जुन्या पेट्रोल गाडीतला दोष शोधण्याची रीत

प्लग बदलले, गाडी आठवडाभर छान चालली आणि पुन्हा मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न पेटल्याने बसणारे झटके, सुरू. जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही तक्रार नेहमीची आहे आणि तिचं कारणही ठरलेलं असतं. नव्या प्लगच्या कडा धारदार असतात, त्यामुळे ठिणगी उडायला व्होल्टेज कमी लागतं. ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी कॉइल दमलेली असो की ते प्लगपर्यंत नेणारी हायटेन्शन वायर गळकी, नवा प्लग तिचा दोष काही दिवस झाकून नेतो. कडा जरा बोथट झाल्या, पाऊस पडला किंवा चढ आला की दोष उघडा पडतो. म्हणून मिसिंग 'तात्पुरतं गेलं' हीसुद्धा एक खूण समजावी. ती बहुधा ठिणगीच्या वाटेकडे बोट दाखवते.

हा लेख १५ ते २५ वर्षं जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे: मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम, वॅगन आर, सँट्रो, आणि यांपैकी ज्यांना मागाहून सीएनजी किट बसवलंय त्या. डिझेलचं प्रकरण वेगळं असतं.

हत्यारं फार लागत नाहीत. प्लग पाना, फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पट्ट्या), मल्टीमीटर, इन्सुलेशन असलेली पक्कड, पाण्याची फवारणी बाटली आणि एक वही. कॉम्प्रेशन गेज मिळाला तर उत्तम. हायटेन्शन वायरमध्ये वीस-तीस हजार व्होल्ट असतात, त्यामुळे चालू इंजिनवर वायर हाताने ओढू नका. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने तर उघड्या बॉनेटपासून लांबच थांबावं. ओढणी, सैल बाही, कडं, अंगठी यांचंही पंख्याशी आणि बॅटरीशी जमत नाही.

आधी वही, मग पाना

बॉनेट उघडण्यापूर्वी तीन-चार दिवस फक्त नोंदी करा. मिसिंग थंड इंजिनला येतं की गरम झाल्यावर? आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) की वेगात? एसी लावल्यावर? फक्त पावसात? पेट्रोलवर, सीएनजीवर की दोन्हींवर? एवढ्याने निम्मं काम होतं, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

आयडलला लंगडणारी पण वेगात सुतासारखी चालणारी गाडी बहुधा कुठूनतरी जादा हवा ओढत असते, नाहीतर तिच्या कार्ब्युरेटरचा स्लो जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) चोंदलेला असतो, नाहीतर एखादं टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) घट्ट असतं. उलट, सपाटीवर ठीक आणि खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये धक्के, असं असेल तर ठिणगी कमजोर आहे किंवा पेट्रोल पुरत नाही. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाब वाढला की ठिणगीला तेच अंतर ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. अर्धमेली कॉइल नेमकी तिथे हात टेकते.

झटका बसताना टॅकोमीटर असेल तर त्याच्याकडे लक्ष ठेवा. गाडी पळत असतानाच काटा एकदम शून्याकडे पडला, तर दोष एका सिलिंडरचा नाही. सगळ्या इंजिनची ठिणगी क्षणभर तुटते आहे. इग्निशन स्विच, कॉइलचं कनेक्शन, डिस्ट्रिब्युटरमधला (ठिणगी सिलिंडरांना वाटून देणाऱ्या भागातला) पिकअप किंवा क्रँक सेन्सर तपासा. प्लग काढत बसू नका.

मिसिंगसारखे दिसणारे तोतयेही असतात. इंजिन माउंटिंगचं रबर फाटलं की आयडलला गाडी थरथरते, पण सायलेन्सरचा आवाज एकसारखा असतो. खरं मिसिंग सायलेन्सरवर ऐकू येतं: फट-फट-फट-(गाळलेला ठोका)-फट. सायलेन्सरच्या तोंडापासून बोटभर अंतरावर कागदाची पट्टी धरा. ती सतत बाहेर उडत राहिली पाहिजे. ठरावीक लयीत मधूनच आत ओढली जात असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाल्याचा संशय घ्या आणि थेट कॉम्प्रेशनकडे जा.

कोणता सिलिंडर?

तीन सिलिंडरच्या ८००मध्ये एक सिलिंडर बंद पडला की एक तृतीयांश ताकद जाते, गाडी अक्षरशः हलते. चार सिलिंडरच्या गाडीत ते इतकं ठळक नसतं, त्यामुळे शोध पद्धतशीर हवा.

एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी संगणक इंजेक्टरमधून पेट्रोल सोडतो त्या गाडीत, आयडलवर एकेका इंजेक्टरचा कपलर (वायरीचा जोड) काढा आणि आवाज ऐका. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिनचा वेग लगेच पडतो. आधीच बंद असलेल्या सिलिंडरचा कपलर काढला तर काहीच फरक पडत नाही. तोच तुमचा चोर. कान पहिल्या दोन-तीन सेकंदांतच द्या, कारण नंतर संगणक आयडल सावरून घेतो. या रीतीत न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जात नाही, म्हणून धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही सुरक्षित राहतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिन बंद करून एका सिलिंडरची वायर काढा, तिला जुना प्लग लावून तो प्लग इंजिनच्या धातूला क्लिपने पक्का जोडा (अर्थिंग करा), मग इंजिन चालू करा. नुसती वायर लोंबकळत ठेवली तर व्होल्टेजला जायला वाट मिळत नाही. ते कॉइल किंवा इग्नायटर (कॉइल चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) फोडून बाहेर पडतं आणि एका दोषाचे दोन होतात.

सिलिंडरचे आकडे टायमिंग बेल्टच्या बाजूने मोजा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, ८००मध्ये १-३-२, चार सिलिंडरमध्ये बहुतेक १-३-४-२. वायरी काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या, कारण दोन वायरी उलटसुलट लागल्यामुळे जन्माला आलेलं मिसिंग गॅरेजमध्ये फार पाहायला मिळतं.

चेक इंजिन दिवा असलेल्या गाडीत स्कॅनर लावायला हरकत नाही, पण अपेक्षा माफक ठेवा. भारतात ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष कोडमध्ये सांगण्याची पद्धत) नव्या गाड्यांना एप्रिल २०१३ पासून लागू झालं. त्याआधीच्या अनेक गाड्या बाजारातल्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरशी बोलतच नाहीत. बोलली तर पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, आणि पी०३०० म्हणजे कोणताही ठरावीक नाही. पी०३०० आला की प्लगपेक्षा हवेची गळती, पेट्रोलचा दाब आणि बॅटरीची अर्थ वायर यांचा विचार आधी करा. दिवा लुकलुकत असेल तर गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते.

ठिणगीची वाट

वेळ इथेच घालवा. जुन्या गाडीत दोष सर्वांत आधी इथे सापडतो.

प्लग थंड इंजिनवरच काढा, कारण हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना आटे सोलले जातात. काढण्यापूर्वी खाचेतली धूळ फुंकून टाका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. काढलेले प्लग क्रमाने मांडा आणि नीट बघा. फिकट तपकिरी रंग म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा प्लग चुकीच्या उष्णतेचा. पेट्रोलने ओला म्हणजे तिथे ठिणगी पडतच नाही. सगळे प्लग सारखेच खराब असतील तर कारण सामायिक आहे. एकच वेगळा दिसत असेल तर त्याच सिलिंडरमागे लागा.

पांढऱ्या चिनीमातीवर उभी काळी रेघ दिसली तर जपून. ठिणगी आत न पडता बाहेरून प्लगवरून सरपटत जाते आहे. अशी रेघ वायरीच्या रबरी बुटातही उमटलेली असते. फक्त प्लग बदलला तर बुटातली जुनी रेघ नव्या प्लगवर चार दिवसांत तशीच रेघ काढते. प्लग आणि वायर, दोन्ही बदला.

गॅप, म्हणजे प्लगच्या टोकांमधलं अंतर, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे ठेवा. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना तो साधारण ०.७ ते ०.८ मिमी असतो, बहुतेक एमपीएफआय गाड्यांना १.० ते १.१ मिमी. नंबरही तोच हवा. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा) होत जातो, बॉशमध्ये नेमकं उलटं. दुकानदाराने 'हाच बसतो' म्हणून दिलेला प्लग आट्यात बसतो, पण उष्णतेत बसेलच असं नाही. वॉशरचा नवा प्लग हाताने टेकवून मग पान्याने अर्धा फेरा, जुनाच परत लावताना तीस अंश पुरे.

ठिणगी तपासण्याची प्रचलित रीत म्हणजे प्लग काढून बॉडीला टेकवून बघणे. ती फसवी आहे. उघड्या हवेत एक मिमी अंतर मरतुकडी कॉइलही ओलांडते. आत दाबाखाली तिला काही पटींनी जास्त व्होल्टेज लागतं. सहा-सात मिमी अंतराचा स्पार्क टेस्टर वापरा. निळी, कडकडणारी ठिणगी हवी. पिवळट-तांबूस आणि गुपचूप पडणारी असेल तर मागे सरका.

हायटेन्शन वायर ओहममध्ये मोजा. कार्बन गाभ्याच्या वायरीला साधारण मीटरमागे १० ते २० किलोओहम येतात. मोजताना वायर वाकवा, पिळा. आकडा उड्या मारू लागला तर आतला गाभा तुटलेला आहे. एक वायर वाईट निघाली तर पूर्ण संच बदला, कारण चारही एकाच वयाच्या असतात.

डिस्ट्रिब्युटर कॅप आतून उन्हात धरून बघा. केसाएवढी भेग, कोळशासारखी नागमोडी रेघ, मधली कार्बन कांडी झिजलेली किंवा अडकलेली, टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी. रोटरचं (कॅपच्या आत फिरणाऱ्या तुकड्याचं) टोक जळलेलं असेल तर पॉलिश पेपरने घासून चकचकीत करू नका, घासलं की अंतर वाढतं. कॅप आणि रोटर जोडीनेच बदला. आत तेल दिसलं तर डिस्ट्रिब्युटरचा सील गेलाय. तो तसाच ठेवून नवी कॅप लावली तर तीसुद्धा सहा महिन्यांत जाईल. ज्या इंजिनात प्लग हेड कव्हरमधून खोल बसतात, तिथेही हीच गोष्ट. प्लगच्या विहिरीत तेल साचतं, रबरी बूट फुगतो, ठिणगी गळते. तिथे गॅस्केट आणि सील बदलल्याशिवाय मिसिंग जाणार नाही.

पावसाळ्यात किंवा कोकणातल्या दमट हवेत सकाळी लंगडणारी, दुपारी बरी होणारी गाडी रात्री तपासा. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरी, कॅप, कॉइल यांवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. गळती असेल तिथे निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात आणि इंजिन त्याच क्षणी लंगडतं. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची तपासणी.

कॉइल मल्टीमीटरने मोजताना प्रायमरी इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये बहुधा एक ओहमच्या आसपास, पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी यांत्रिक स्विच असलेल्या) जुन्या गाड्यांत दीड ते तीन, आणि सेकंडरी ५ ते १५ किलोओहम. थंड असताना एकदा मोजा, अर्धा तास गाडी पळवून पुन्हा मोजा. गरम झाल्यावर वायर तुटणारी कॉइल थंडपणी अगदी निरोगी आकडे दाखवते. कॉइल बदलावी लागली तर प्लग आणि वायरी त्याच दिवशी बदला. रुंदावलेला गॅप आणि तुटकी वायर कॉइलकडून सतत जास्त व्होल्टेज ओढतात, त्यातच तिचं इन्सुलेशन फुटलेलं असतं. दोन टोकांच्या कॉइल पॅकमध्ये १-४ आणि २-३ अशा जोड्या असतात. जोडीतले दोन्ही सिलिंडर बंद असतील तर कॉइल, एकच असेल तर वायर किंवा प्लग.

पद्मिनी, अँबेसिडर सांभाळणाऱ्यांसाठी एवढंच: पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिमी, आणि पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला.

शेवटी बॅटरीची अर्थ वायर. इंजिनच्या धातूपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मल्टीमीटर लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी सडली आहे. नट सोडून, पॉलिश पेपर मारून पुन्हा आवळा.

हवा आणि पेट्रोल

हवेची गळती शोधायला गॅरेजमध्ये गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारतात. ते पेट घेतं, करू नका. साबणाचं पाणी मॅनिफोल्डच्या जोडांवर, कार्ब्युरेटरखालच्या पॅकिंगवर आणि होजवर फवारा. इंजिनचा सूर बदलला तर तिथेच भोक. ब्रेक बूस्टर आणि पीसीव्हीची (इंजिनमधली वाफ परत आत नेणाऱ्या व्हॉल्व्हची) होज एकेक करून चिमटीत दाबून पाहा. दाबल्यावर आयडल सुधारला तर ती होज किंवा तिच्या टोकाचा भाग दोषी. व्हॅक्युम गेज असेल तर समुद्रसपाटीला निरोगी इंजिन १७ ते २१ इंच दाखवतं. पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीवर आकडा दोनेक इंचांनी कमी येतो, त्याला दोष समजू नका.

कार्ब्युरेटरच्या गाडीत किल्ली चालू करताच आयडल सोलेनॉइडची (आयडलचं पेट्रोल सोडणाऱ्या विजेच्या झडपेची) 'टक्' ऐकू आली पाहिजे. जेट हवेच्या दाबाने साफ करा. तार घालून साफ केलेला जेट पुन्हा कधीच मापात येत नाही.

एमपीएफआयमध्ये आधी पेट्रोल फिल्टर, मग दाब. बहुतेक जुन्या गाड्यांत तो २.५ ते ३ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) घरात असतो. इंजेक्टरची कॉइल साधारण ११ ते १६ ओहम. गरम झाल्यावर काळा धूर आणि मिसिंग असेल तर इंजिन तापमानाचा सेन्सर मोजा: वीस अंशाला दोन-तीन किलोओहम, ऐंशी अंशाला तीनशे ओहमच्या आसपास. गरम असूनही तो 'थंड' सांगत असेल, तर संगणक पेट्रोल ओतत राहतो आणि नवे प्लग काळे होतात.

पीयूसीची पावती फेकू नका. तिच्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन) हे दोन आकडे छापलेले असतात. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल. बीएस-२, बीएस-३ (भारत स्टेज प्रदूषण मानकं) गाड्यांना मर्यादा सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम. एचसी चढलेला आणि सीओ कमी असेल तर ठिणगी चुकते आहे किंवा मिश्रण पातळ आहे. दोन्ही चढलेले असतील तर पेट्रोल जास्त. शंभर-दोनशे रुपयांत एवढं निदान दुसरीकडे मिळत नाही.

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा दोषही थोडा समजून घ्या. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणून मिश्रण पातळ पडतं. ऑक्सिजन सेन्सरची गाडी ते बऱ्याच अंशी सावरते, कार्ब्युरेटरला ते कळतच नाही. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, पॅकिंग त्याने मऊ पडतात, आणि त्यांचा गाळ जेटमध्ये जाऊन बसतो. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत पाणी शोषून इथेनॉल तळाशी वेगळं होतं. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा.

सीएनजी असेल तर

सीएनजी पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून फक्त गॅसवर येणारं मिसिंग हे बहुतांश वेळा किटचं नसून इग्निशनचं असतं. किटचा रेग्युलेटर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) पिळण्याआधी वायरी तपासा आणि गॅप ०.७-०.८ मिमीवर आणून बघा. फक्त पेट्रोलवर मिसिंग असेल तर न वापरल्यामुळे इंजेक्टर चिकटलेत. रोज सुरुवातीचे काही किलोमीटर पेट्रोलवर चालवलं तर ही वेळ येत नाही. दोन्हींवर असेल आणि गरम झाल्यावर वाढत असेल तर टॅपेट बघा. कोरड्या गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप नाहीसा होतो. आवाज करणारं टॅपेट सगळ्यांना कळतं, घट्ट झालेलं टॅपेट आवाज करत नाही, व्हॉल्व्ह जाळतं. मॅन्युअलमधल्या आकड्यावर, सांगितलेल्या थंड किंवा गरम अवस्थेतच गॅप लावा.

कॉम्प्रेशन

इंजिन गरम करून हाताला सोसेल इतकं निवलेलं, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि इंजेक्टरचे कपलर काढलेले, पेट्रोल पंपाचा फ्यूज बाहेर, सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद, बॅटरी भरलेली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा फेरे सेल्फ मारा. ॲक्सिलरेटर न दाबता घेतलेला आकडा कमीच येतो, आणि त्यावरून इंजिन उघडायला लावलं जातं. चांगल्या इंजिनात साधारण १२ ते १४ किलो. नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो एक-दीड किलोपेक्षा जास्त असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर जोडीने पडलेले असतील तर मधलं हेड गॅस्केट.

बदलताना

एका वेळी एकच बदल करा. प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहिला आणि मिसिंग त्याच्याबरोबर गेलं तर प्लग दोषी. नाही गेलं तर तो परत जागेवर लावून मग वायर हलवा. पाच भाग एकदम बदलून गाडी बरी झाली तर कशाने बरी झाली हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून. जुने भाग दुकानात टाकू नका, डिकीत ठेवा. नवा भागही खराब निघतो.

दुरुस्तीनंतर ज्या अवस्थेत मिसिंग येत होतं त्याच अवस्थेत गाडी चालवा: तोच चढ, तोच एसी, तेच पाणी. पाचशे किलोमीटरनंतर एकदा प्लग काढून रंग बघा, आणि वहीत गॅप, कॉम्प्रेशनचे आकडे, बदललेल्या भागांचे नंबर आणि ओडोमीटर लिहून ठेवा.